केबलची दोन्ही टोकं

प्रिय दादा,

'प्रिय' लिहून खोडावंसं वाटलं. पण खाडाखोड मला सहन होत नाही, म्हणून राहू दे.

तुझ्या तेराव्याला सगळे तुझं कौतुक करत होते आणि मी पोळ्या वाढत होतो. आज लिहितोय, कारण काल वहिनी रेवाला घेऊन आमच्याकडे त्सुफेनहाउझेनला आली आणि तुझा खोका माझ्यापुढे ठेवला. त्यात तुझी दोन करडी गेमची यंत्रं होती, पोकेमॉनच्या लाल आणि निळ्या कॅसेटी होत्या, आणि ती केबल.

"निळीतलं सगळं गेलंय रे," वहिनी म्हणाली. "लाल अजून चालतेय. रेवाला बाबाने खेळात पकडलेले राक्षस हवेत. तुमच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करता ना, हेही बघ की."

कॅसेटच्या आत बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की साठवलेलं सगळं पुसलं जातं. बदलताना दुसरीकडून वीज देत राहावी लागते, नाहीतर तेव्हाही तेच. वीज न देताच बॅटरी काढून 'वहिनी, नाही जमलं' एवढं म्हटलं असतं तर तुझी सगळी मिळकत एका क्षणात संपली असती. कोणाला कळलं असतं? खरं सांगू? मला तेच करायचं होतं.

हा खेळ कसा सुचला ते तूच मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस. जपानमधल्या एका माणसाला लहानपणी किडे पकडायचा नाद होता. मोठेपणी त्याने दोन यंत्रं जोडणारी केबल पाहिली आणि त्याच्या मनात आलं, की एखादा किडा या केबलमधून पलीकडच्या मुलाकडे गेला तर! म्हणून काही राक्षस फक्त लाल कॅसेटमध्ये, काही फक्त निळ्या. काही तर दुसऱ्याच्या हातात गेल्याशिवाय रूपच बदलत नाहीत. एकट्याला पूर्ण करताच येऊ नये, असा खेळ!

आणि तू काय केलंस? वाढदिवसाला हट्ट करून दुसरं यंत्र घेतलंस, निळी कॅसेटही घेतलीस. पलंगावर मांडी घालून, दोन गुडघ्यांवर दोन यंत्रं ठेवून स्वतःच स्वतःला राक्षस देत बसलास.

"मी धरू का एक?"

"नको. तू केबल हलवशील."

मला दिलंस डिजिमॉनचं खेळणं. "पोकेमॉनची नक्कल आहे, पण तुला चालेल." शाळेच्या मैदानावरही मित्रांना जर्मनमध्ये तेच सांगितलंस, नुसती नक्कल आहे म्हणून: "दास इस्ट नुअर दी कोपी." तेव्हा तुझं बोट खेळण्याकडे होतं की माझ्याकडे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती नक्कल नव्हती, दादा! तिचं घराणंच वेगळं होतं. अंड्याच्या आकाराचं ते खेळणं आठवतं? ज्यात पिल्लाला भरवायचं, त्याची घाण काढायची? तेच पुढे मुलांसाठी लढाऊ करून आणलं. तुझे राक्षस पकडून ठेवायचे होते, माझा जिवंत ठेवायचा होता. पण मैदानावर दोनच पक्ष होते आणि मोठी मुलं तुझ्या पक्षात.

दुपारी टीव्हीवर दोन्हींची कार्टून पाठोपाठ लागायची. तुझं झालं की तू टीव्ही बंद करायचास. "चल, संपलं." संपलं नव्हतं रे, माझं सुरू होत होतं!

पुढे मी शाळा अर्धवट सोडली, तेव्हा तर तुला हसायला आयतंच सापडलं. घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचास, "हा केदार. आमची दुसरी आवृत्ती, जरा घाईत काढलेली." सगळे हसायचे. आईसुद्धा.

तुझं मात्र सगळं पूर्ण. डिग्री पूर्ण, गेर्लिंगेनच्या कंपनीतली नोकरी पक्की. सगळं एकट्याने. छातीत दुखतंय हेही कोणाला सांगितलं नाहीस. बायकोलासुद्धा नाही? ऑफिसला निघालास आणि आम्हाला थेट हॉस्पिटलचा फोन! हे मी तुला माफ करणार नाही. बाकीचं कदाचित करेन, हे नाही.

काल रेवा माझ्या टेबलाशी उभी होती. "काका, बिटे निष्ट काप्युट माखन." मोडू नकोस हं. मग तिने केबल उचलली आणि ही कशाला, असं जर्मनमध्ये विचारलं.

"दोघांनी खेळायला," मी म्हणालो.

"बाबा कोणाबरोबर खेळायचा?"

काय सांगायला हवं होतं मी? वहिनी माझ्याकडे बघत होती.

"माझ्याबरोबर," म्हणालो. तुझ्यासाठी खोटं बोललो. लक्षात ठेव.

तर आता ऐक. लाल कॅसेटची बॅटरी मी बदलेन, आणि तुझा एकही राक्षस पुसला जाणार नाही. हा शब्द तुला नाही, रेवाला. मात्र दोन्ही यंत्रं तिला मिळणार नाहीत. निळी कॅसेट आणि दुसरं यंत्र माझ्याकडे राहील. तिचीही बॅटरी बदलून मी पहिल्यापासून सुरू करेन. तिला काही हवं असेल तर तिने माझ्याकडे यायचं, मला हवं असेल तर मी तिच्याकडे जाईन. केबल तीच धरेल.

हलली तर हलू दे.

कोणाचीही आवृत्ती नसलेला,
केदार