डावखुरी मूठ

३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दोन पाणचक्क्या, शाळेचं सरकतं फाटक, दवाखान्यातल्या खाटांचे खालीवर होणारे पाय, माझं स्वतःचं वेल्डिंगचं यंत्र, आईची घडीची काठी, आणि तू सध्या ज्याच्याआड बसली आहेस ते दार. एवढं माझ्या हातचं. तुझ्या कंपनीच्या साहेबांनी माझं शिक्षण विचारलं, तेव्हा हेच ऐकवलं. शिक्षण सांगण्यासारखं असतं तर आधी तेच नसतं का सांगितलं?

दाराबद्दल तुला ठाऊक असलेलं बरं. नकाशात आतली मूठ उजव्या हाताला होती. आत नऊ माणसं, त्यात डावखुरी तू एकटी, तरी मी ती डाव्या हाताला घेतली. बोटांच्या खाचा तुझ्या मापाच्या आहेत. तुझा जुना हातमोजा घरी राहिला होता, त्यावरून माप काढलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चालेल म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की मंगळावर राहण्याचा हा बंद घरातला सराव चालू असताना कोणीही ही मूठ फिरवावी, दार उघडेल, कोणी अडवणार नाही की विचारणार नाही. फक्त त्या माणसाचं नाव मंगळाच्या यादीतून जाईल. मी म्हटलं, असू दे.

मूठ फिरवायला जोर लागत नाही. करंगळीने ओढली तरी फिरते. जाऊन परत यायचंच नाही, असं गाव मी तरी पाहिलेलं नाही. बाकी तू शहाणी आहेस.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा दादा


१५ मार्च

ती. दादास कृतानेक सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. तिकडे गेल्यावर निरोपासाठी ताटकळावं लागणार, म्हणून आमची पत्रं आत्तापासूनच आठवडाभर दाबून ठेवतात, जाणारी आणि येणारीही. खरं तर तिकडे इतका उशीर लागणार नाही म्हणे, पण सवय गरजेपेक्षा जास्तीची असावी, असा हिशेब.

आता रागावू नकोस. तुझ्या मुठीला मी टॉवेल लावते. मोरी त्याच भिंतीला आहे, हात धुतले की डावा हात आपसूक तिथेच जातो. आमचा हवामानवाला म्हणतो, हिच्या भावाने जगातली सगळ्यात भारी खुंटी केली. माळी तर रोज विचारतो, खुंटी भाड्याने मिळेल का. रोपं सांभाळतो म्हणून त्याला माळी म्हणायचं, आहे मोठा शिकलेला. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, ती मूठ दिसते म्हणून मला झोप लागते. फिरवायची कोणाला आहे, पण दिसते. कंपनीच्या बाई भिंतीपलीकडून आमचं बोलणं ऐकतात, त्यांनी हे अगदी आवर्जून लिहून घेतलं.

मी बरी आहे. नर्सला आत काम फारसं नाही, कोणी आजारीच पडत नाही. आईला माझा नमस्कार, वहिनीला खूप आठवण.

तुझी,
भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

खुंटी हवी होती तर तसं सांगायचं. पाच मिनिटांचं काम. त्या मुठीचा एक आस घासायला माझा अख्खा दिवस गेला होता. असो. ओला टॉवेल लावू नकोस, पिळून लाव.

आईला धाप लागते. डॉक्टर म्हणतात, वय झालं. तिने विचारलं, भिंगरीला सुट्टी कधी. मी सांगितलं, सुट्टी नसते तिथे, सराव चाललाय. तर म्हणते कशी, हिला घरातलं एक कपाट आवरता येत नाही, ही ग्रह काय आवरणार! आणि हसता हसता पुन्हा धाप. तुझ्या वहिनीने पाठ चोळून दिली.

मूठ करंगळीने फिरते, हे मागे लिहिलं होतं. पुन्हा लिहितो.

माया आहे तशीच असू दे.
तुझा दादा


४ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आई आज गेली. दुपारी चहा मागितला. मी करून आणला, तोवर गेली होती. तिला पोचवून आलो.

त्याआधी तुला लगेच कळवावं म्हणून कंपनीत गेलो होतो. बाई म्हणाल्या, तिकडे गेल्यावर जसं कळेल तसंच आताही कळलं पाहिजे, तुमच्या बहिणीने तशी सही दिली आहे. तुम्ही पत्र लिहा, ते इतर पत्रांसारखंच जाईल.

परतताना तुझ्या दारापाशी थोडा वेळ थांबलो. बाहेरून मूठ नाही. नकाशात नव्हती, म्हणून मीही केली नाही. रबराची कड बोट फिरवून तपासली. ठीक आहे.

चहा तसाच होता. वहिनीने ओतून दिला.

दादा


६ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मिळालं. आईला म्हणावं, मी कपाट आवरत नव्हते, कारण मी आवरलेलं तू पुन्हा आवरायचीस. उगाच दोघींनी कशाला दमायचं?

धाप लागते तर तिला आडवी झोपवू नकोस. पाठीशी उशा देऊन बसती ठेव. खिडकीजवळची खाट दे. पाणी थोडं थोडं. हे नर्स म्हणून सांगते, तेव्हा तुझं डोकं त्यात चालवू नकोस.

करंगळीचं वाचलं. दोन्ही वेळा.

आईला म्हणावं, सराव संपला की एकदा घरी सोडतात का, ते विचारते आहे.

तुझी,
भिंगरी


१३ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

पत्र मिळालं. तारीख पाहिली. मी उशा लावायला सांगत होते, तेव्हा तुम्ही तिला पोचवून आला होता.

मी टॉवेल काढला. घडी करून खाली ठेवला. मूठ धरली. खाचा बरोबर बसतात, करंगळीचीसुद्धा. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. माळी रोपांना पाणी घालत होता, तो थांबला. मी थोडी ओढली. तिने लगेच वाट दिली. मग वाटलं, बाहेर येऊन मी उशा देणार कोणाला?

सोडली.

दादा, ती फिरते हे हाताला कळलं, म्हणूनच सोडता आली. फिरली नसती तर मी ओढतच राहिले असते. तू रागावशील. रागावलास तरी मला आठवड्याने कळेल.

टॉवेल पुन्हा तिथेच लावला आहे. पिळून.

भिंगरी


२९ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. काय झालंय ते मलाही नीट सांगता येत नाही. कामाला जातो, जेवतो. आईची काठी कोपऱ्यात होती तिथेच आहे. वहिनी विचारते, तिची घडी घालून ठेवू का. मी म्हणतो, ठेव. मग कोणीच ठेवत नाही.

कंपनीच्या साहेबांनी परवा बोलावलं. तुझ्या दाराचं त्यांना फार कौतुक. नऊ माणसं, मूठ डोळ्यांसमोर, आणि एकानेही दार उघडलं नाही. तुमच्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना पाठ आहे. मंगळावरच्या घरांची चाळीस दारं माझ्याकडून हवीत म्हणाले, प्रत्येकाला आतून अशीच मूठ. पण तिथे बाहेर हवा नाही. दार यंत्राच्या हुकमानेच उघडणार. तेव्हा मूठ कशालाच जोडायची नाही, नुसती बसवायची. दिसली की माणूस शांत राहतो. खाचाही असू द्या म्हणाले, छान दिसतात.

मी विचारलं, कोणी ओढली तर? ते म्हणाले, कोण ओढतंय!

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. दाखवलं नाही. फिरत नाही अशी मूठ मी आजवर केलेली नाही, आणि तुझ्या हाताच्या मापाची तर करणारच नाही. नाही म्हणून आलो. ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतील. तिकडे गेल्यावर एखाद्या दाराची मूठ धरलीस, तर ती माझी नाही एवढं ध्यानात ठेव. टॉवेल खुशाल लाव.

सराव संपतो आहे असं कळलं. तुझं नाव यादीत पहिल्या चारात आहे. अभिनंदन.

लोभ आहे, तो इतक्या लांबूनही असू दे.
तुझा दादा

ता. क. त्यांनी काय देऊ केलं होतं ते लिहायचं राहिलं. चाळीस दारांचे अठ्ठावीस लाख, आणि निघण्याआधी एक अख्खा दिवस तुला घरी पाठवणार होते.