डावा कोणाचा

१ ऑगस्ट

डावा वाळतोय.

आज धरणीमातेला जेवू घालायचा दिवस. अंगणात खड्डा उकरला. कोकाची पानं ठेवली, उकडलेला मका, बटाटे, वर मक्याची आंबवलेली चिचा ओतली. मान वर केली तर टेकाडावर ते दोघे उंच कार्दोन निवडुंग. उजवा नेहमीसारखा ताठ, अंगभर काटे फुलवून उभा. डावा मात्र कमरेपासून खाली तपकिरी. बुंध्याशी साल फुटून आतलं जाळीदार लाकूड दिसायला लागलंय.

खड्ड्यावर माती लोटता लोटता माझी बायको कासियाना म्हणाली, "माझा चालला."

आणि उरलेली चिचा स्वतःच पिऊन टाकली.

३ ऑगस्ट

लिहून ठेवतो. डोक्याचा आता भरवसा नाही.

पंचावन्न वर्षं झाली. कार्निवालचे दिवस होते, तिच्या वडिलांकडे मेंढ्यांना खूण करायची होती. सगळ्या जनावरांच्या कानांत लोकरीची फुलं माळून झाली. रीतीप्रमाणे एका कोकराचं नि एका कोकरीचं लग्नही लागलं. म्हातारी माणसं चिचा पिऊन गात बसली. मी वीसचा, ती अठराची. आम्ही टेकाडावर पळालो! तिथे दोन कार्दोन शेजारी शेजारी, जेमतेम कमरेएवढे. ती म्हणाली, यांचंही उरकून टाकू. तिच्या ओच्यात उरलेली लोकर होती, माझ्या खिशात तारायंत्राची तांब्याची तार. तिनं काट्यांत लोकरीची फुलं खोवली, मी वरून तारेचे वेढे दिले. एक सेनोन, एक कासियाना. लागलं लग्न.

तिच्या आईला कळलं तेव्हा ती चिडली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "केलंत ते केलंत. आता ज्याचं झाड आधी वाळेल, त्यानं आधी निघायचं."

पंचावन्न वर्षं आम्ही दोघं यावर हसत आलो.

लाल लोकर तिची, निळी माझी. हे मला लख्ख आठवतं. फक्त लाल कुठल्या झाडाला नि निळी कुठल्या, ते आठवत नाही. झाडं वाढली तशी तार नि लोकर सालीच्या आत गडप झाली.

९ ऑगस्ट

हुहुई शहरातून नेलिदाचा फोन. लेकीचा आवाज ऐकूनच कळलं. डॉक्टर म्हणतात, आईच्या हृदयाची झडप ताठ झाली आहे. १० डिसेंबरला शस्त्रक्रिया करू. नाही केली तर पुढचा हिवाळा निघेल असं ते सांगू शकत नाहीत.

कासियानानं फोन घेतला, नातवाला नवा दात आला का विचारलं आणि ठेवून दिला.

जाणार ना, म्हटलं.

"कशाला? डाव्यानं सांगितलंय ना सगळं."

डावा माझा आहे, मी म्हणालो. ठणकावून म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं — सुताराचं पोर खोटं बोलताना कान हलवतं असं माझी आई म्हणायची, तसे माझे कान पाहिले.

१० ऑगस्ट

सकाळी परत विचारलं. परत नाही.

२५ ऑगस्ट

वारा सुटलाय. अंगणातली घमेली लोळतायत. दाढी करताना एतेल्विना बाईंची कविता आपोआप तोंडात आली. चौथीत त्यांनी ती फळ्यावर लिहिली होती, मोत्यासारख्या अक्षरात —

निळी फीत मी तुला बांधिली, वाढ हळू तू, रोपा;
येइन तेव्हा ओळखीन मी, मार्ग नसे जरि सोपा.

चौथीनंतर शाळा सुटली, हातात करवत आली. पण या दोन ओळी काही सुटल्या नाहीत. बाई खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या, त्यांच्या केसांवर ऊन यायचं. अजून येतं.

स्वयंपाकघरातून कासियाना — "बाई गेल्या, शाळेचं छप्पर उडालं, तुझी फीत काही सुटत नाही!"

१९ सप्टेंबर

आज चांगलंच भांडलो. ती म्हणाली, डावा म्हणजे कुठून डावा? घरातून पाहिलं तर वाळलेला डावा. पण त्या दिवशी आपण वरच्या मेंढवाड्याकडून आलो होतो, तिथून तो उजवा. मी म्हटलं, मग तर झालंच, तू स्वतःचा डावीकडे बांधला होतास, म्हणजे आज हिरवा आहे तो तुझा. ती म्हणाली, कुणी सांगितलं डावीकडे बांधला? मी म्हटलं, तूच. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, तीस वर्षांपूर्वी. ती म्हणाली, तीस वर्षांपूर्वी मी तुला पुष्कळ काही सांगितलं, त्यातलं एवढंच बरं लक्षात राहिलं!

दोन झाडं, चार बाजू. आणि दोघांनाही मरणारंच झाड आपलं म्हणून हवंय.

शेवटी धापा टाकत खाली बसली. भांडण तिथेच थांबवलं. पाणी दिलं.

१२ ऑक्टोबर

उजव्याला कळ्या. लोकरीच्या गुंड्यांसारख्या, केसाळ. डाव्याला एकही नाही.

१ नोव्हेंबर

मृतांसाठी पाव भाजले. आकाशातून उतरायला शिडी, पारवे, तिच्या आईसाठी मेंढी. कासियानानं शेवटचा गोळा घेऊन एक लठ्ठ कोंबडी केली. मनुक्याचा डोळा लावला.

ही कुणाची?

"बघून ठेव. पुढच्या वर्षी तुला करावी लागेल. तू केलीस तर तिचं गाढव होईल. आणि माझ्या ताटात वांगं ठेवू नकोस, जिवंतपणी खाल्लं नाही ते मेल्यावर कोण खातंय."

मी भट्टीपाशी जाऊन लाकडं सारत बसलो. बराच वेळ. डोळ्यात धूर गेला होता.

कोंबडी तिनं मला खायला लावली. चांगली झाली होती.

९ नोव्हेंबर

वनरक्षक रुफिनो आला. देवळाचं दार कुजलंय, ८ डिसेंबरला माउलीचा सण. हिरव्या कार्दोनला हात लावायला बंदी आहे हे इथे पोरांनाही माहीत. वाळलेला असेल तर कागद देतो म्हणाला. "डावा पूर्ण गेलाय, सेनोनकाका. दार तुम्हीच करायचं."

आतून कासियाना म्हणाली, "काप. आत कुठली लोकर आहे तीही बघ. लाल असेल तर पुन्हा हुहुईचं नाव काढायचं नाही."

मी म्हटलं, आणि निळी निघाली तर?

"तर जाईन."

करवतीला धार लावतो.

१४ नोव्हेंबर

आज कापला.

पहाटे थंडीतच गाढव घेऊन वर गेलो. बुंध्याशी कोकाची पानं पुरली, चिचा शिंपडली, धरणीमातेची परवानगी मागितली. खरं तर परवानगी नाही मागितली. निळी मागितली.

झाड हलकं झालं होतं, आडवं करायला फार वेळ लागला नाही. काटे झाडले, कोरडी साल पहारीनं सोलत गेलो. गुडघ्याच्या उंचीवर तार लागली, हिरवी पडलेली. तिच्याखाली, साल नि लाकूड यांच्या मध्ये दाबून बसलेला लोकरीचा चपटा पुंजका. पंचावन्न वर्षं ऊन लागलं नव्हतं त्याला.

लाल.

तिथेच बसलो. शेजारचा उजवा फुलला होता, पांढरी फुलं हाताच्या पंजाएवढी, त्यांत मधमाश्या. त्याच्याकडे बघवेना.

मग उठलो. गाढवाच्या पाठीवरच्या पडशीची कड निळी आहे — तिनंच विणलेली. चाकूनं उसवली. चार धागे गोल वळले, मातीत मळले, तारेच्या वेढ्यात कोंबले, दगडानं ठेचले. लाल खिशात घातली. आयुष्यात कुणाच्या दाराला खोटा सांधा लावला नाही. आज लावला.

खाली आलो. तार तिच्या हातात दिली. तिनं ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली. खूप वेळ. निळा धागा बोटांनी चोळून पाहिला.

"रंग बरा टिकलाय," म्हणाली.

मग सूप वाढलं. मी दोन घोट घेतल्यावर — "नेलिदाला कळव. येते म्हणावं. शाल कुठली नेऊ?"

१७ नोव्हेंबर

डावा तिचाच. मला माहीत आहे, तिला नाही. हे ओझं आता माझं.

२९ नोव्हेंबर

दाराच्या फळ्या चामड्याच्या पट्ट्यांनी आवळून झाल्या. कार्दोनच्या लाकडाला डोळे असतात, लांबट, आरपार. कासियाना दाराच्या पलीकडे जाऊन एका डोळ्यातून माझ्याकडे बघत राहिली. "इकडून तरुण दिसतोस," म्हणाली.

८ डिसेंबर

दार बसवलं. माउलीची पालखी त्यातून बाहेर पडली. बिजागरी कुरकुरली नाही. माउलीकडे एकच मागितलं. उद्या पहाटेची बस.

१० डिसेंबर, हुहुई

तिला आत्ताच आत नेलं. चाकांच्या खाटेवरून. दारापाशी थांबायला लावलं सगळ्यांना, मला खाली वाकवलं.

"सेनोन, निळी लोकर नव्हतीच. आईनं निळा गुंडा कुलपात ठेवला होता. मी दोघांनाही लालच खोवली. निळी तुझ्या त्या बाईंच्या कवितेतली! तू लोकरीकडे बघत कुठे होतास?"

खरंय. तिच्याकडे बघत होतो.

मग आलीस कशाला, म्हटलं.

"एवढी चांगली पडशी उसवलीस, म्हणून आले."

दार लागलं. बाकावर बसलोय. पुंजका मुठीत आहे.

म्हणजे उजव्यातही लालच आहे. हिरव्या सालीच्या आत.