एकही बदल नाही

९ ऑगस्ट, बुधवार. लातूर.

आजपासून रोजनिशी. निमित्त फुटबॉलचं.

उर्वी, माझी नात, बारावीला आहे. मेमध्ये तिची नीटची परीक्षा. तिला दोन वेळा ताजं जेवण मिळावं म्हणून गेल्या वर्षापासून मी इथं तिच्याबरोबर राहते. तिसरा मजला, एक खोली, एक खिडकी, खिडकीला जाळी. घरमालकीण तुळजाबाई नऊला खालच्या गेटला कुलूप लावतात. या गल्लीत माझ्यासारख्या सात आज्या आहेत. मुलं क्लासला, आज्या गॅसपाशी.

रविवारी महांतेश, माझा मुलगा, उदगीरहून आला. म्हणाला, "आई, पुढच्या जूनपासून मालविकाला पण इथंच टाकू. अजून दोन वर्षं." मालविका धाकटी नात, दहावीत. मी म्हटलं, मी मेपर्यंत, पुढं व्याह्यांनी बघावं. बसलिंगप्पा म्हणजे सुनेचे वडील. भोकरला असतात, तहसीलीतून रिटायर. बायको गेल्यापासून स्वयंपाक स्वतः करतात, वांग्याच्या भाजीची तारीफही स्वतःच करतात.

उर्वीनं घरच्यांसाठी फोनवर फुटबॉलची लीग काढली आहे. महांतेश हसत म्हणाला, "मग लीगवरच ठरवू. तुम्हा दोघांत जो खाली राहील तो लातुरात, वरचा आपल्या घरी." बसलिंगप्पा फोनवरून म्हणाले, "हाव, मंजूर."

मंजूर म्हणजे मंजूर. तहसीलीतला माणूस आहे.

खेळ असा. इंग्लंडच्या खऱ्या लीगमधले पंधरा खेळाडू आपण निवडायचे. ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे आपल्याला गुण. अकरा मैदानात, चार बेंचवर. आठवड्याला एक खेळाडू बदलता येतो. उर्वीचा फोन अभ्यासापायी माझ्याच ताब्यात, म्हणजे हत्यारही हाताशी.

संकल्प: मेअखेर उदगीर. वाचनालयातली चरित्रांची दोन कपाटं वाचायची राहिली आहेत. शाळा सातवीपर्यंतच झाली, बाकीचं त्या कपाटांनी शिकवलं. फुटबॉल असा काय अवघड असणार.

११ ऑगस्ट, शुक्रवार.

संघ तयार. नावं जिभेला वळत नाहीत म्हणून माझी ठेवली. पहिलवान, लांबटांग्या, सोनकेश्या, जावई (फोटोत रुसलेला आहे).

सगळ्यांत चांगले चौघे बेंचवर बसवले. उर्वीच्या क्लासमध्ये दर टेस्टनंतर मार्कांप्रमाणे जागा देतात, पहिला बेंच हुशारांचा. इंग्लंडातही तीच रीत दिसते. बेंचवरच्या जागांना एक, दोन, तीन असे नंबरसुद्धा दिलेत. उर्वी सध्या चौथ्या बेंचवर.

२१ ऑगस्ट, सोमवार.

बसलिंगप्पा ५८. मी ३१. पहिलवानानं दोन गोल केले तरी ३१! हातानं बेरीज केली, ५६ येते. ॲपची बेरीज कच्ची आहे. तक्रार कुठं करायची ते शोधते.

१६ सप्टेंबर, शनिवार.

तक्रारीला उत्तर नाही. सोनकेश्यानं मागच्या वेळी गोल केला, त्याला बढती दिली. बेंचवर घेतलं. मेहनतीचं चीज व्हावं.

उर्वी तिसऱ्या बेंचवर आली. शिरा केला.

३० सप्टेंबर, शनिवार.

आज तीस वर्षं झाली. हे औसा तालुक्यात शाळेवर होते, गावातच खोली करून. मी महांतेशला घेऊन उदगीरला. भूकंपात ते गाव उरलं नाही. तिसऱ्या दिवशी ढिगारे उपसणाऱ्यांचे साहेब म्हणाले, आता इथं शोधून उपयोग नाही, पुढच्या गावाला माणसं लागतात. त्यांचंही बरोबर होतं.

महांतेशचा फोन आला. दोघंही पावसाबद्दल बोललो.

दुपारी ॲप उघडलं. लांबटांग्याच्या नावापुढं लाल खूण. गुडघा. ॲप विचारतं, बदलायचा का? माणूस पडला की लगेच दुसरा घ्यायचा, ही कसली रीत. ठेवला. उठेल तो.

२५ ऑक्टोबर, बुधवार.

काल दसरा म्हणून उर्वीला अर्धा तास फोन दिला. तिनं माझा संघ पाहिला आणि ओरडलीच, "आज्जी, हे काय करून राहिलीस? सगळे हिरे बेंचवर!"

मी म्हटलं, मग कुठं बसवायचे?

म्हणाली, "अगं बेंच म्हणजे बाहेर! खेळत न्हाईत ते. त्यांचे गुण धरतच न्हाईत."

मग नंबर कशाला दिलेत, विचारलं. तर ती गादीवर पडून हसायला लागली. खालून तुळजाबाईंनी आवाज दिला, "उमाबाई, पोरीला काय झालं?" जूनपासून ही मुलगी हसली नव्हती.

म्हणजे जे सगळ्यांत चांगले, त्यांना मी अडीच महिने बाहेर बसवलं. वाईट वाटलं. पण एका अर्थानं बरंच झालं. त्यांना आराम मिळाला, आता ताजे आहेत. बसलिंगप्पा २३० गुणांनी पुढे. सात महिने हातात आहेत.

२५ नोव्हेंबर, शनिवार.

फरक १९०. एक गोष्ट ध्यानात आली. बसलिंगप्पांनी महिनाभर संघात एकही बदल केलेला नाही. सगळे तेच, कॅप्टन तोच. तहसीलीत माणूस फाईल अशीच दाबून बसतो, वेळ आली की काढतो. सावध राहिलं पाहिजे.

२३ डिसेंबर, शनिवार.

फरक १४१. जावयालाही लाल खूण. मांडी. ठेवला.

बसलिंगप्पा: एकही बदल नाही.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत.

भोकरला फोन केला. तिळगुळाचं झाल्यावर सहज म्हटलं, "काय व्याही, तुमच्याकडं काही हलवाहलव नाही?"

म्हणाले, "हलवून काय करायचं विहीणबाई? मांडलंय तसं चालू द्यायचं. या वयात लई उड्या माराव्यात का?"

काय थंड डोकं! पुढं म्हणतात, "तुमचं मात्र लई चालू हाय म्हणं." कुणी सांगितलं यांना? पाळत ठेवून आहेत.

फरक ११८. लाल खुणा तीन.

९ मार्च, शनिवार.

फरक ५२. पहिलवान थांबायचं नावच घेत नाही. मी आता इंग्लंडचं हवामानही बघते. तिकडं पाऊस असला की चपळ माणसं घ्यायची. उर्वीचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडून गुडघ्याचा धडा वाचला. सांध्याला वेळ लागतो, पण भरून येतो. पुस्तकातच आहे.

उर्वी पहिल्या बेंचवर गेली होती, या टेस्टला परत दुसऱ्या. जेवली नाही. मी म्हटलं, बेंचवर जाऊन कुणाचं भलं झालंय? ते पाहिलंय मी. मग जेवली.

२० एप्रिल, शनिवार.

फरक २४. महिन्यानंतर कळेलच. ट्रंकेतली लुगडी उन्हाला घातली. गच्ची तुळजाबाईंच्या किल्लीत, म्हणून जाळीलाच वाळत टाकली. खोलीत अंधार झाला.

४ मे, शनिवार.

उद्या परीक्षा. उर्वीनं पुस्तकं मिटली आणि माझा संघ मागितला. बघून म्हणाली, "आज्जी, हे तिघं सप्टेंबर-डिसेंबरपासून पडून हायेत. काढ ना यांना. तिघं चांगले घेतले तर आरामात जिंकशील."

मी म्हटलं, एवढे महिने थांबले, आता काढू?

म्हणाली, "तुला घरी जायचंय ना? मग मुद्दाम हरून राहिलीस का?"

कायच्या काय बोलते. परीक्षेचं टेन्शन.

५ मे, रविवार.

केंद्राबाहेर लिंबाखाली चार तास. बाहेर आली, म्हणाली, "बरा गेला." मी आणखी काही विचारलं नाही. दोघींनी उसाचा रस घेतला.

२० मे, सोमवार.

लीग संपली. शेवटच्या सामन्यात लांबटांग्या उतरला! अकरा मिनिटं. एक गुण. मी म्हटलंच होतं उठेल.

बसलिंगप्पा सात गुणांनी जिंकले.

सात म्हणजे काहीच नाही. बेंचचा तो गैरसमज नसता तर आजच ट्रंक भरली असती.

२१ मे, मंगळवार.

खिलाडूपणानं भोकरला फोन केला. अभिनंदन केलं. म्हटलं, व्याही, ऑक्टोबरपासून एकही बदल न करता तुम्ही मला धरून ठेवलंत, मानलं तुम्हाला.

म्हणाले, "कशाबद्दल बोलून राहिल्या विहीणबाई?"

फुटबॉल, म्हटलं.

"ते व्हय! अहो, तो फोन दसऱ्याला हौदात पडला. तेव्हापासून बटणाचा हाय माझ्याकडं. ते फुटबॉल अजून चालूच हाय का?"

म्हणजे सात महिने मी एका बुडालेल्या फोनशी लढले. आणि हरले.

मग संक्रांतीला माझं लई चालू आहे म्हणालात ते काय, विचारलं. म्हणाले, "तुमचं वाचन, दुसरं काय."

मग म्हणाले, "पण माझं आयका. जूनपासून मालविकाकडं मी राहतो. मला कुठं काय काम हाय? दोन भाकरी तिच्या, दोन माझ्या. तुम्ही जावा उदगीरला, लई दिवस झाले."

मी म्हटलं, उद्या सांगते.

२२ मे, बुधवार.

बसलिंगप्पांना नको म्हणून सांगितलं. कारणं अशी. एक, तीन मजले आणि त्यांचे गुडघे. दोन, ते तिखट फार घालतात. तीन, हरलेल्यानं राहायचं हे ठरलेलं आहे. शब्द म्हणजे शब्द.

महांतेशलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "आई, ती तर चेष्टा होती. तू कधीही ये." त्याचं वय लहान आहे, त्याला शब्दाचं कळत नाही. एक्केचाळीसचा आहे.

तुळजाबाईंना खोली ठेवतेय म्हणून सांगितलं. गच्चीची किल्ली मागितली. बघते म्हणाल्या.

आणखी एक. भूकंप झाल्यापासून मला रोज पावणेचारला जाग येते. उदगीरला उठून दिवा लावला की सगळ्या गल्लीत तेवढाच. इथं त्या वेळेला समोरच्या चारही इमारतींत मुलं उठून बसलेली असतात, खिडकी न् खिडकी उजळलेली. हे मात्र मी कारणांत धरलेलं नाही.