टेपने मोजलेलं विमान

२ मे
लेक येतेय, तीन वर्षांनी. नात दोन वर्षांची झाली, अजून हातात घेतलेली नाही. मागे लेकीला सोडायला विमानतळावर पोचलो तेव्हा ती आत गेलेली. दोष रिक्षाचा. यंदा नातीला पहिल्यांदा उचलणार मीच. ठरलं!

३ मे
तिकिटाचा फोटो आला. तिकडून सकाळी नऊला निघणार, इथे दुपारी बाराला उतरणार. तीन तासांत? विमान आहे की गोफणीतला दगड? छपाईची चूक. ही म्हणते, लिहिलंय ते लिहिलंय. हिचा छापील अक्षरावर फार विश्वास.

५ मे
शेजारून पृथ्वीचा गोल आणला. दोन्ही शहरांवर टेप लावली. गोल वस्तूवर टेप धरणं मला नवं नाही, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पोटांवर धरतोय. अंतर चव्वेचाळीसशे किलोमीटर. वेग ताशी आठशे. म्हणजे साडेपाच तास. विमान अडीचला येणार. कापडाला सोडतो तशी अर्ध्या तासाची माया सोडली. तीन.
दुकानातल्या काजं-बटणंवाल्या बाई म्हणाल्या, काका, मोबाइलवरही साडेपाच तासच आहेत, पण... पुढचं ऐकलं नाही. साडेपाच म्हणाल्या, बास.

८ मे
संध्याकाळी पाचला लेकीचा फोन. जेवणं उरकून नातीला झोपवत होती. पाचला रात्रीचं जेवण! खिडकीबाहेर अंधार. तिकडची हवा खराब दिसते.

१० मे
नातीचा फ्रॉक शिवून झाला. माप फोटोवरून. माझी नजर चुकत नाही.

१२ मे, सकाळी १०
ही शेजारणीच्या गाडीतून दुकानापाशी आली. चला म्हणाली. मी हसलो. साडेचार तास तिथे खांबासारखं उभं कोण राहणार? नंतर हिचे फोनवर फोन. मोबाइल बंद केला.

दुपारी २
विमानतळ. अर्धा तास आधी! ही दिसत नाही. कंटाळून गेली असणार. सांगत होतो.

३.१५
माया संपली. विमान लेट. फ्रॉक हातावर धरलाय, घडी मोडायला नको.

३.४०
चौकशीच्या खिडकीतली बाई म्हणाली, ते बारालाच उतरलं. मी तिला हिशोब दाखवला. हिशोब बरोबर आहे म्हणाली. फक्त तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात. हे मला कुणी सांगायचं नाही?

संध्याकाळी ५.२०
घरी. नात गाढ झोपलेली. लेक म्हणाली, बाबा, तिचे पावणेआठ वाजून गेले. नातीला पहिल्यांदा उचललं हिने. मग शेजारणीने. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. फ्रॉक तिच्या अंगाशी लावून पाहिला. घोट्यापर्यंत आला. वाढतं अंग आहे.
परत जाताना सोडायला मीच येणार, असं जाहीर केलं. पहाटे चारला नात उठेल म्हणे. तेव्हा पहिला मी! चारचा गजर लावला. हिने घड्याळ उचललं, गजर तपासला आणि ‘मी उठवते’ म्हणत स्वतःच्या उशाशी ठेवलं.