त्रिशरणाचा सपाट सूर

बाबा, ते लोक तुम्हाला हसले नव्हते. मला एवढंच सांगायचं होतं, पण तुम्ही थांबलाच नाहीत.

मुंबईच्या दवाखान्यात तुमचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा आपण अमरावतीत राहत होतो. धर्मांतरानंतर आसपासच्या वस्त्यांत त्रिशरण-पंचशील शिकवत फिरणारे तुम्ही. एक ओळ तुम्ही द्यायची, मागून सगळ्यांनी म्हणायची. आणि आता गळ्याला भोक, हातात पाटी! मग डॉक्टरांनी परदेशातून मागवलेलं ते यंत्र आलं. टॉर्चएवढं, सेलवर चालणारं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की भुणभुणायचं, आणि तुम्ही ओठ-जीभ हलवली की त्या भुणभुणीचेच शब्द व्हायचे. पण गळ्यावरची नेमकी जागा सापडेल तर शपथ. दुपारी स्वयंपाकघरात मी तुमच्या गळ्यावर बोटांनी चाचपत बसायची. जागा चुकली की नुसती माशी भणभणायची, शब्द नाहीच. ‘ह’ तर काही केल्या निघेना. तुम्ही वैतागून यंत्र खाली ठेवलंत, तर आई पोळी लाटता लाटता म्हणाली, “जाऊ द्या ना. आपल्याइकडे तसाई ‘ह’ कोन म्हनते?” तुम्ही हसलात. आवाज कुठला यायला, नुसते खांदे हलले. दवाखान्यातून आल्यापासून मला तुमची भीतीच वाटत होती, ती त्या दुपारी जरा कमी झाली.

हळूहळू बोलायला लागलात. फक्त त्या यंत्राला सूर एकच. चढ नाही, उतार नाही. दूध मागा नाहीतर रागवा, सगळं सारखंच.

माझं लग्न ठरलं आणि तुम्ही हट्ट धरलात, त्रिशरण मीच देणार. मामा म्हणाले, “भाऊजी, कावून हसं करून घेता? लोक काय म्हनतीन?” तुम्ही यंत्र गळ्याला लावलंत. “पोरगी मायी.”

मी पांढऱ्या लुगड्यात मान खाली घालून बसले आहे. सासरची माणसं मोर्शीकडच्या खेड्यातली. दीक्षा घेतलेली, पण तिथवर शिकवणारं कुणी पोचलेलं नाही. तुम्ही पहिली ओळ देता. आणि मग ती सगळी माणसं तीच ओळ तशीच परत म्हणतात, सपाट, नाकातून, भुणभुणत. थेट यंत्रासारखी. मी दचकून वर पाहते. तुमचा हात गळ्यावरून खाली येत असतो.

पुढचं मामांनी पुरं केलं. तुम्ही पाटीवर एकच शब्द लिहून मला दाखवलात, ‘हसले’. नंतर यंत्र डब्यातून बाहेर निघालं नाही आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. मी नवऱ्याबरोबर अकोल्याला होते. त्या माणसांचा एवढा संताप होता की सासरच्या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या वैशाख पौर्णिमेला मात्र जावंच लागलं. वंदना सुरू झाली. पोरंटोरंसुद्धा तुमच्या यंत्राच्या सुरात म्हणत होती. मेलेल्या माणसाचीही टिंगल? मी सासूबाईंना सगळ्यांदेखत तोडून विचारलं. त्या म्हणाल्या, “टिंगल कायची व माय? गुरुजीनं जसं सांगतलं तसंच म्हनून राहिलो आमी. तुह्या मामानं गान्यावानी म्हनलं, पन गुरुजी त तुहा बाप होता न!”

मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि हमसून रडले. बाबा, तुमची एक ओळ त्यांनी जशीच्या तशी घरी नेली होती, जपली होती. आणि तुम्ही पाटीवरचा तो शब्द खरा धरून गेलात. हे मला आजही सोसत नाही.

पुढे गावात भंते आले, बरोबर चाल शिकवून गेले. चांगलंच झालं, मीही सगळ्यांना तेच सांगते. पण तेव्हाची काही पोरं, आता पार म्हातारी झालेली, अजून तुमच्याच सुरात म्हणतात. गावी गेले की मी मुद्दाम त्यांच्याशेजारी बसते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्यांची ओळ संपली की मी पुढची म्हणत नाही. ती तुम्ही द्याल म्हणून गप्प बसून राहते.