बरगड्यांवरचे ठिपके

नेर, मंगळवार, नोव्हेंबर २००६

आज नागपूरला प्रकाशचा हाडांचा स्कॅन झाला. दंडात औषध टोचलं, भरपूर पाणी पाजलं आणि दुपारी अख्खा सांगाडा पडद्यावर. गुडघ्याची गाठ काळीकुट्ट दिसली, ती दिसणारच होती. पण बरगड्यांवरही ठिपके, एका ओळीत. कॅन्सर तिथवर गेला असेल तर पायाच्या ऑपरेशनचा उपयोग काय?

डॉक्टरांनी विचारलं, "इथं मार लागला होता?" आमचा भाऊराया म्हणाला, "नाही."

परतताना एसटीत आईचा डोळा लागल्यावर म्हणतो, "ताई, दिवाळीआधी मी गाडीत कापूस तुडवून राह्यलतो, तवा खाली पडलतो. आईनं वावरात जायाले मना केलतं. तिच्यासमोर कसं सांगू?"

गाढव कुठला!

स्टँडवरूनच डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, मोडलेलं हाड जुळत असलं तरी औषध तिथं साचतं. उद्या बरगड्यांचा एक्स-रे काढा.

एका ओळीत आहेत ठिपके. म्हणजे मारच ना? की मीच मनाची समजूत घालतेय?

आत्ता देवापुढे दिवा लावला. आईनं विचारलं, "काय मांगतलं वं देवाले?"

तुझ्या पोराच्या बरगड्या मोडलेल्या निघू दे, हे तिला कसं सांगू?