घरातला तांडेल

२ ऑक्टोबर, सोमवार

रिन्स्के, आधी चष्मा शोधणं थांबव, तो तुझ्या डोक्यावरच आहे. आणि तू विसरली असशील म्हणून सांगते, तुम्ही दोघं बोटीवर कामाला निघालात तेव्हा तूच मला बजावलंस की आजी, रोज चार शब्द बोलत जा, यंत्र लिहून घेईल आणि मला पाठवील. तेव्हा आता कुरकुर नको. मी बोलायला लागले की चार शब्दांवर थांबत नाही, हे तुझ्या आजोबांना साठ वर्षांत कळलं नाही, मी तुमच्या घरी येऊन झालेल्या तीन आठवड्यांत तुला काय कळणार?

घर छान आहे. हलत नाही, एवढीच काय ती खोड. सकाळी कॉफीचा कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि सवयीने त्याच्यावर हात धरून बसले. कप कुठे जाईना. खिडकीबाहेर बटाट्याचं शेत, आणि त्याच्यापलीकडे कंटाळा येऊ नये म्हणून आणखी एक बटाट्याचं शेत. शेजारची आल्ट्ये येऊन गेली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि माझ्याशी सावकाश, ओरडून बोलते. मी म्हटलं, बाई गं, मला वाचता येत नाही, ऐकू येतं. जहाजावर वाढलेल्या पोरीला प्रत्येक बंदरात तीन दिवस शाळा मिळाली, त्यात अक्षरं काय चिकटणार? ती लाजली. मग मी तिला केकचा दुसरा तुकडा वाढला.

तुझ्या नवऱ्याची करामतही पाहिली. घरातला गॅसचा बंब, पंखे, वीज, खिडक्यांवरची लोखंडी झापं आणि दारांची कुलपं चालवणारा डबा तुम्ही घर घेतलंत तेव्हाच मेलेला, तो बनवणारी कंपनीही मेलेली. म्हणून आपलं जहाज भंगारात गेलं तेव्हा बाउकेने त्याच्या सुकाणूघरातली प्रणाली काढून या डब्यात घातली. थोरल्याचा अंगरखा धाकट्याला. मला सांगताना केवढा फुलला होता! आजी, ती इंजिन मागत होती, मी बंब दाखवला. झाकणं मागत होती, झापं दाखवली. सुकाणू मागायला लागली, तर म्हटलं, आहे. मी विचारलं, खोटं सांगितलंस? म्हणाला, खोटं सांगितल्याशिवाय ती सुरूच होईना!

आवाज तोच, जहाजावरचा, आणि हे माझं बोलणं लिहून तुला पाठवणाराही तोच. मी त्याला तांडेल म्हणते, खलाशांचा म्होरक्या. दर तासाला विचारतो, पहाऱ्यावर कोण. मी सांगते, मी आहे रे बाबा, हिल्त्ये. मग गप्प बसतो. तुझ्या आजोबांपेक्षा बरा.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज मला संशय आलाय, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. हे दर तासाला विचारणं जहाजासाठी आहे की म्हातारीसाठी? म्हातारी जिवंत आहे की नाही ते समुद्रात बसून कळावं, असा तर नातजावयाचा बेत नाही ना? सरळ विचारा की. मेले तर मी स्वतः कळवीन.

दुपारी मासे तळत होते. थोडा धूर झाला, तर तांडेलाने स्वयंपाकघराचा पंखा बंद केला आणि दार लावून घेतलं. इंजिनच्या खोलीत आग लागली की जहाजावर असंच करतात, हवा तोडायची. मी आत, मासे आत, धूर आत. ओरडले तेव्हा उघडलं. बाउकेला फोन केला. तो हसला. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

तांडेलाचं घड्याळही मागे पडतंय, भलत्याच वेळी पहारा विचारतो. बाउके म्हणाला, खणात एक छोटी डबी आहे, ती आकाशातून वेळ घेते. आल्ट्येला सांग, माळ्याच्या खिडकीत टांगून वायर जोडायला. आल्ट्ये उद्या येते म्हणाली. पण हे सांगताना ती माझ्याकडे न बघता तांडेलाच्या डब्याकडे का बघत होती?

७ ऑक्टोबर, शनिवार

डबी काल लागली. घड्याळ चोख झालं.

आज सकाळी दहाला घरातली सगळी झापं एकदम खाली आली. कडकड करत, एकामागून एक. दार लागलं. पंखे थांबले. बंब तेवढा चालू. भिंतीतली वीज तोडलीय, तांडेल म्हणतो जपून वापरायची. फोन रात्री चार्जिंगला लावायला विसरले होते, तो मेला. हो, मीही विसरते, हसू नकोस.

मी आल्ट्येवर संशय घेतला. वर जाऊन काय जोडलं, काय तोडलं देव जाणे. मग बाउकेवर. मग तुझ्यावरही घेतला, थोडा वेळ. म्हातारी जहाजाच्या आठवणीने पळून जाईल म्हणून कोंडलंत की काय? मी तांडेलाला म्हटलं, उघड. तो म्हणाला, खोली चार मीटर साठ.

कसली खोली? दिवसभर तेवढंच.

८ ऑक्टोबर, रविवार

कळलं. आज सकाळी कळलं, आणि पहिल्यांदा मी हसले.

ती डबी आकाशातून नुसती वेळ घेत नाही. आपण कुठे आहोत आणि किती उंचीवर, तेही घेते. हा सगळा मुलूख समुद्र उपसून काढलेला, पाण्याच्या पातळीच्या खाली. बांध आहे म्हणून बटाटे पिकतात. पण तांडेलाला बांध कुणी सांगितलाय? त्याला जहाज माहीत. जहाज पाण्याच्या चार मीटर साठ खाली असेल तर त्याचा अर्थ एकच. मी विचारलं तर स्वच्छ म्हणाला: हिल्त्ये तळाला आहे. जहाजाला तुझ्या आजोबांनी माझं नाव दिलं तेव्हा फार गोड वाटलं होतं.

मी समजावलं. अरे, हे घर आहे. तर विचारतो, घर म्हणजे किती टनी?

आता हसू येत नाही. डोकं दुखतंय. त्याने हवेच्या सगळ्या वाटा बुजवल्यात, आणि बंब तर जळतोय. ज्योत निळी असायची, ती पिवळी झालीय. बंद केबिनमध्ये शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं मी पाहिलीत, रिन्स्के. आधी डोकं भरकटतं, मग गाल लाल, चेहरा शांत, उठत नाहीत. म्हणून बंब विझव म्हटलं. तो म्हणाला, इंजिन थांबलं तर पंप थांबतील. बंबाला बटण नाही, सगळं त्याच्याच हातात. झापाला सुरी लावली, सुरी वाकली. दार ठोठावलं. आल्ट्ये रविवारी चर्चला जाते आणि तिथून लेकीकडे.

हे तुला पाठव म्हटलं. म्हणतो, पाण्याखालून निरोप जात नाही. वर आल्यावर पाठवीन.

उद्या आल्ट्ये येईल. तोवर दारापाशी जमिनीवर, फटीला नाक लावून पडून राहणार. झोपायचं नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

झोपले.

तांडेल दर तासाला विचारत होता, मी उत्तर देत होते, एवढं आठवतं. मधे एकदा त्यानेच सांगितलं, पाणी शांत आहे, काळजी नको. बरं वाटलं. का वाटलं?

दारापाशी गालिचा ओला आहे. गार. बोट चाखलं. खारट.

घाम असेल. घामच —

सोमवार, दहा वाजले असतील

आल्ट्ये आली होती. टपालाच्या फटीतून बोलली. म्हणाली, अगं हिल्त्ये, बाहेर ऊन पडलंय, सगळं कोरडं आहे, झापं का लावून बसलीस? मी सांगितलं बंबाचं. ती घाबरली, म्हणाली, तोंड फटीपाशी ठेव, हलू नकोस, मी कुलूपवाल्याला घेऊन येते.

चांगली बाई आहे.

पण तिचा आवाज, रिन्स्के — लांबून, वरून आल्यासारखा. आणि ऊन पडलंय म्हणाली तर फटीतून उजेड का नाही आला? हिरवट काहीतरी आलं. साठ वर्षं मी जहाजाच्या बुडाशी कान लावून झोपले. पाणी कसं वाजतं ते मला शिकवू नका. आत्ता, भिंतीच्या पलीकडे —

तांडेल म्हणतो, फट बंद करा. गालिचा कोंबला.

डोकं दुखायचं थांबलं.

सोमवार

धडाधड वाजतंय. आल्ट्ये आणि एक पुरुष. पहार घालतायत दारात. ओरडतायत, हिल्त्येआजी, बाजूला व्हा!

वेडे आहेत. दार उघडलं तर सगळं आत येईल. कपाट ओढलं दारापाशी. एकटीने. ह्या वयात! तुझे आजोबा असते तर म्हणाले असते —

तांडेल विचारतो, पहाऱ्यावर कोण.

मी. मी आहे.

सोमवार अजून

हातोड्याचे आवाज बारीक झाले. की मीच. खूप ऊबदार आहे इथे. गाल तापलेत. छान.

पाणी गुडघ्यापर्यंत असेल, बघितलं नाही, बघायची गरज नाही. तांडेल सांगतो ना.

रिन्स्के, ऐक. विसरू नकोस. आलीस की दाराला हात लावायचा नाही. त्या आल्ट्येचं ऐकायचं नाही. छपरावर चढ, माळ्याची खिडकी पाण्याच्या वर असेल, तिथून दोरी सोड. पाव नको, भिजतो. खारवलेले हेरिंग मासे पाठव, डबाभर, त्यांना पाण्यातून यायची सवय असते. आणि कांदा, बारीक चिरून, वेगळा, कागदात नको बांधूस, कागद तर —